पांढऱ्यावर पांढरं

ट्युनिशियाच्या दक्षिणेला, सहारा सुरू होण्याआधी, उघड्याबोडक्या डोंगरांची एक रांग आहे. मतमाता, शेनिनी, दुइरात ही तिथली गावं. काही घरं जमिनीत खोदलेली, काही डोंगराच्या कडेत कोरलेली. या गावांतल्या बायका डोक्यावरून खांद्यांवर घ्यायला एक लोकरी वस्त्र विणत आल्या आहेत, त्याचं नाव बखनूग. उत्तर आफ्रिकेच्या विणकामाबद्दल मला जे सांगावंसं वाटतं त्याचं मूळ या एका वस्त्रात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बखनूग मागावर असतो तेव्हा सगळा पांढरा असतो. ताणा, म्हणजे उभे धागे, पांढऱ्या लोकरीचा, बाणा, म्हणजे आडवे धागे, तोही पांढऱ्या लोकरीचा. नक्षी भरायची ती कापसाच्या सुताने, आणि तेही पांढरंच. विणणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर एक पांढरा पडदा तेवढा असतो. त्या पडद्यात ती बारीक त्रिकोण, चौकटी, फणीचे दाते, एकात एक अडकलेले कोन अशी भरगच्च नक्षी घालत जाते. अगदी नाक लावून पाहिलं तर सुताची जागा जराशी सपाट आणि तुकतुकीत वाटते, लोकरीची जरा मऊ, लवदार. फरक तेवढाच. मग कापड मागावरून उतरतं, रंगाच्या भांड्यात जातं. लोकर रंग पिते, सूत पीत नाही. बाहेर काढून धुतलं की गडद लाल किंवा काळपट अंगावर पांढरीशुभ्र नक्षी उमटलेली दिसते.

यामागचं कारण साधं आहे. लोकर म्हणजे प्राण्याच्या अंगावरचं प्रथिन, कापूस म्हणजे वनस्पतीचा तंतू. आम्लधर्मी पाण्यात चढणारे कितीतरी रंग लोकरीत मुरतात आणि कापसाला नुसते शिवून धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. अर्थात कुठलाही रंग चालत नाही. निळीच्या पिंपात हे वस्त्र बुडवलं तर सूतही तितकंच निळं होईल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. म्हणजे कुठला धागा कुठल्या रंगाला कसा वागतो हे त्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि त्या ज्ञानावर विसंबून त्या आधी विणत आणि मग रंगवत. रंगालाही वयाचा हिशेब. साधारणपणे लहान मुलीचं वस्त्र पांढरंच राहायचं, लग्न झालेल्या तरुण बाईचं लाल, वय झालेल्या बाईचं गडद. मुलीच्या वस्त्रातली नक्षी मग कायम पांढऱ्यावर पांढरी. ती उन्हात तिरपी धरल्याशिवाय कुणाच्या नजरेला पडायची नाही, तरी विणायची तितक्याच निगुतीने.

ट्यूनिसच्या जुन्या शहरातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा असा जुना बखनूग हातात घेतला. दुकानदार भला माणूस होता. मी काही लगेच विकत घेणारी नाही हे त्याला कळलं होतं, तरी त्याने तो खिडकीपाशी उलगडून दिला आणि चहा सांगितला. मी स्वतः घरी लहान चौकटीवर विणते, त्यामुळे माझी नजर आधी कडेकडे जाते. डावीकडे सुरू झालेली चौकटींची ओळ उजव्या काठाला बरोबर पूर्ण चौकटीनेच संपली होती. अर्धी तुटलेली नाही, ओढूनताणून बसवलेली नाही. म्हणजे पहिला टाका घालण्याआधीच त्या बाईने संपूर्ण ताण्याचे धागे मनात वाटून ठेवले होते. विणताना डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते तिच्या मोजणीत होतं. माझ्या मनाला लागलं ते हे. सुंदर कापडं मी आधीही पाहिली होती, पण डोळ्यांवर इतकी कमी भिस्त ठेवून केलेलं काम पाहिलं नव्हतं. त्यानंतर मोरोक्कोपासून इजिप्तपर्यंत जिथे जिथे हे काम बघायला मिळालं तिथे मी तेच शोधत राहिले: नक्षी असते कुठे?

त्याआधी लोकरीबद्दल बोलायला हवं, कारण विणकामातला निम्म्याहून जास्त जीव तिथेच खर्ची पडतो आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

मेंढरं वसंतात कातरतात. कातरलेली लोकर म्हणजे चरबी, माती, काटेकुसळं आणि घाम यांचा चिकट गोळा. ती ओढ्यावर नेऊन धुतात. मोरोक्कोत त्यासाठी एका झुडपाच्या मुळ्या ठेचून त्यांचा फेस करतात, काही ठिकाणी विशिष्ट माती वापरतात. पाणी फार गरम झालं किंवा लोकर जास्त चोळली गेली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा होऊन बसतो, मग ती कातण्याच्या कामाची राहत नाही. धुतल्यावर निवड. लांब तंतू वेगळे, आखूड वेगळे. लांब तंतू लोखंडी दातांच्या फण्यांवरून विंचरतात, म्हणजे ते सगळे एका दिशेला, एकमेकांना समांतर होतात. त्यांचा होतो ताण्याचा धागा, बारीक, पिळदार, तुटायला कठीण, कारण त्याला महिनोन्‌महिने ताणलेल्या अवस्थेत राहायचं असतं. आखूड तंतू दोन दातेरी फळ्यांमध्ये पिंजतात. त्यांचा बाण्याचा धागा होतो, सैल, फुगीर, हवा धरून ठेवणारा. ऊब या दुसऱ्या धाग्यात असते आणि टिकाऊपणा पहिल्यात. एकाच मेंढीच्या अंगावरून दोन वेगळ्या स्वभावांचे धागे काढायचे आणि मग त्यांना एकमेकांत गुंतवायचं, हे ज्यांनी पहिल्यांदा ठरवलं त्या बायकांना माझा मनापासून नमस्कार आहे.

दोन्ही धागे चातीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या काठीवर, कातायचे, आणि चातीही वेगवेगळ्या. ताण्याची लहान, बाण्याची मोठी, कधी कधी तर जमिनीवर टेकवून मांडीशी फिरवायची. एक मोठं पांघरूण विणायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्याचा धागा कातण्यात जातो. मोरोक्कोच्या अझिलाल प्रांतात बझू नावाचं गाव आहे. तिथल्या बायका जेलाबासाठी, म्हणजे तिथल्या टोपीवाल्या लांब अंगरख्यासाठी, इतकं तलम लोकरी कापड करतात की हातात घेतल्यावर लोकर आहे हे खरं वाटत नाही. त्या तलमपणाचं सगळं श्रेय मागाआधीच्या कताईला आहे.

माग मात्र अगदी साधा. दोन उभे खांब, वर एक आडवा दांडा, खाली एक, मध्ये ताणा उभा ताणलेला. धागे आळीपाळीने पुढे-मागे करणारी एक काठी दोरीने मागच्या भिंतीला बांधलेली. पायाने चालवायचं काही नाही, धागा आरपार नेणारा धोटा नाही. बाई मागाच्या एका बाजूला जमिनीवर बसते, बोटांनी धागा घालते आणि लोखंडी फणीने तो खाली ठोकते. त्या ठोकण्याचा आवाज गावात शिरताना दुरून ऐकू येतो. शहरांतलं विणकाम वेगळं. फेझसारख्या शहरांत पुरुष पावड्यांच्या आडव्या मागावर बसतात, धोटा फेकतात, वारावर कापड काढतात. तंबूच्या पट्ट्या विणायचा माग आणखी वेगळा, जमिनीवर खुंट्या ठोकून आडवा पसरलेला. बकऱ्याचे केस आणि लोकर मिसळून त्यावर लांबच लांब अरुंद पट्ट्या निघतात आणि त्या एकमेकींना शिवून भटक्या मेंढपाळांचा काळा तंबू उभा राहतो. पण घरातलं पांघरूण, बसायचं अंथरूण, धान्याचं पोतं, उशीचा अभ्रा, अंगावर घ्यायची चादर, हे सगळं त्या उभ्या मागावरचं आणि बायकांच्या हातचं.

या मागाला घरात काय मान असतो ते पाहण्यासारखं आहे. अल्जीरियातल्या कबिलियाच्या डोंगरांत जुन्या घरांची रचनाच अशी असे, की दरवाजासमोरची भिंत ही मागाची भिंत. दार उघडलं की उजेड थेट तिच्यावर. नवी नवरी बसवायची ती त्याच भिंतीपुढे. आणि मागावर ताणा चढला की त्यात जीव आला असं मानतात. ही समजूत कबिलियापासून मोरोक्कोच्या मध्य ॲटलास पर्वतापर्यंत पसरलेली आहे. ताणा घालण्याचं काम बहुधा उघड्यावर चालतं. जमिनीत दोन खुंट्या ठोकायच्या, दोघीजणी खुंट्यांपाशी बसणार आणि तिसरी धाग्याचा गुंडा घेऊन दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालणार. या वेळी कुणी तो ताणा ओलांडायचा नाही. विणकाम वाढत जातं तसं ते जन्मलं, वयात आलं, म्हातारं झालं असं धरतात. शेवटी कापायची वेळ येते तेव्हा घरातल्या पुरुषांनी बाहेर जायचं. कापडावर पाणी शिंपडायचं, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी म्हणतात ते शब्द म्हणायचे आणि मग ताणा कापायचा.

मी हे आधी फक्त वाचलं होतं. पण मागापुढे बसल्यावर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात आली, आणि त्या विधीचं वजन मला जास्त जाणवायला लागलं. या मागावर जसजसं विणून होतं तसतसं झालेलं कापड खालच्या दांड्यावर गुंडाळलं जातं. बाईच्या समोर कायम हातभर पट्टा असतो. सुरुवातीला घातलेली नक्षी महिन्यापूर्वीच आत गुंडाळली गेलेली असते. दुसऱ्या टोकाला तिच्याशी जुळेल असं काही घालायचं तर उलगडून बघता येत नाही, आठवायचं असतं. अख्खं कापड एकसंध तिला पहिल्यांदा दिसतं ते ताणा कापल्यावर. म्हणजे ज्या क्षणी ते मागापुरतं मरतं त्याच क्षणी ते तिला प्रथम पूर्ण भेटतं. मग त्या घटकेला पाणी आणि प्रार्थना का लागते याचं मला नवल वाटेनासं झालं.

मोरोक्कोतल्या खेमिस्सतच्या आसपासचा मुलूख झेमूर जमातींचा. रबातहून पूर्वेला निघालं की लागतो. इथली लाल रंगाची, बारीक नक्षीच्या पट्ट्यांची पांघरुणं आणि सतरंज्या प्रसिद्ध आहेत. तिथल्या एका गावात ओळखीतून एका घरी बसायला मिळालं. सासू विणत होती, सून धागा देत होती, आणि शहरात कॉलेजला जाणारी एक भाची आमच्यामध्ये दुभाषा होती. म्हातारीला सगळे ‘लल्ला’ म्हणत होते, मीही म्हणायला लागले.

तिच्या पाठीमागे बसून मी मागाकडे पाहत होते आणि मला नक्षी दिसतच नव्हती. दिसत होती ती लाल, पांढऱ्या, पिवळ्या, काळ्या धाग्यांची लोंबणारी टोकं, नुसता रंगीत गुंता. मग भाचीने मला हाताला धरून मागाच्या पलीकडे नेलं, भिंत आणि माग यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत. तिथून नक्षी दिसली. स्वच्छ, धारदार, एकही टोक बाहेर नाही. मध्य ॲटलासमधल्या या जादा धाग्याच्या नक्षीकामात बाई कापडाच्या उलट्या बाजूला बसते. सुलटी बाजू भिंतीकडे. ट्युनिशियातलं मर्गूम नावाचं सपाट नक्षीकामही असंच उलट्या बाजूने विणतात. त्याची सोय उघड आहे. रंग बदलायचा, जुना सोडायचा, नवा घ्यायचा, टोकं मोकळी टाकायची ती सगळी आपल्या बाजूला, हाताशी. पण त्याचा अर्थ असा, की आयुष्यभर रोज तासन्‌तास बाई नक्षीच्या पाठीशी बोलत असते.

लल्ला मोजत होती. ओठ जेमतेम हलत होते. डाव्या हाताची बोटं ताण्यावरून अशी फिरत होती, जशी आपल्याकडे म्हातारी माणसं तांदूळ निवडताना न बघता खडा उचलतात. सिन, क्राद, कुझ, सेम्मुस. दोन, तीन, चार, पाच. मग तेवढे धागे उचलायचे, खालून रंग ओवायचा, सोडायचा, पुढचे मोजायचे. मी भाचीला म्हटलं, विचार गं, आता जी चौकट चालली आहे ती किती धाग्यांची? भाचीने विचारलं. लल्ला थांबली, जरा विचारात पडली आणि हसली. मग तिने आकडा सांगितलाच नाही, बोटांनी हवेत करून दाखवलं: एवढे सोडायचे, एवढे घ्यायचे, पुढच्या ओळीत इकडून एक कमी, तिकडून एक जास्त. मी वही काढली होती ती तशीच मांडीवर राहिली.

मात्र त्या हवेतल्या हातवाऱ्यांनी माझ्या मनातला एक जुना गुंता सुटला. उत्तर आफ्रिकेच्या कापडात सगळीकडे तिरपी चौकट का असते, शंकरपाळ्याच्या आकाराची? दुकानांतून आणि रंगीत माहितीपत्रकांतून याचं ठरीव उत्तर मिळतं. चौकट म्हणजे स्त्री, नागमोडी रेघ म्हणजे पाणी, चौकटीतला ठिपका म्हणजे दृष्ट टाळणारा डोळा, आणि सगळं मिळून सुफलतेची गुप्त लिपी. तक्ताच छापलेला असतो. मला हे तक्ते आवडत नाहीत. दृष्ट काढण्याची भावना तिथे आहे, खरी आहे. मेंदी, गोंदण, मडकी आणि कापड यांवर तेच तेच आकार फिरतात हेही खरं. पण बायकांना विचारलं तर बहुतेकदा त्या त्या आकाराचं घरगुती नाव सांगतात: करवतीचे दाते, कात्री, तितराचा डोळा, चहाचं तबक. आणि गाव बदललं की त्याच आकाराला दुसरं नाव. त्या नावांत रोजचं जगणं आहे. तक्त्यात मात्र ते पुसून टाकून गिऱ्हाइकाला हवं तेवढं गूढ ठेवलेलं असतं.

तिरप्या चौकटीचं कारण निदान अर्धं तरी मोजणीत आहे. प्रत्येक ओळीत रंगाची जागा एका धाग्याने सरकवली की तिरपी रेघ आपोआप तयार होते. दोन रेघा दोन बाजूंना सरकवत नेल्या आणि ठरलेल्या ठिकाणी परत फिरवल्या की चौकट मिटते. फिरायचं कधी, एवढंच लक्षात ठेवायचं. गोल वळण या पद्धतीत फार जिकिरीचं, आणि जिथे रंगीत धागा हाच बाणा असतो अशा विणीत तर सरळ उभी रेघ कापडात चीर पाडते. तिरप्या रेघेत धागे एकमेकांना धरून राहतात, कापड मजबूत होतं. म्हणून चौकट हजारो हातांनी पुन्हा पुन्हा शोधली आणि हजारो हातांनी ती वेगवेगळी भरली. आकारातलं सौंदर्य आणि कापडाची ताकद एकाच मोजणीतून निघते, याचं मला कुठल्याही गुप्त लिपीपेक्षा जास्त आश्चर्य वाटतं.

असाच दुसरा एक किस्सा विक्रेते सांगतात: परिपूर्णता फक्त ईश्वराची, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवते. लल्लाच्या घरातल्या जुन्या पांघरुणात मध्येच लाल रंग फिका झाला होता. सुनेने सांगितलं, रंग संपला, पुढच्या हंगामात नवी लोकर रंगवली तेव्हा तो तसा आला नाही. दुसऱ्या ठिकाणी टाक्यांची घट्टता बदलली होती, तिथून पुढे मोठ्या मुलीने विणलं होतं. त्या बदलांत त्या घराची काही वर्षं सरळ वाचता येत होती.

लिहिलेल्या नक्षीचा इतिहासही या प्रदेशात आहे आणि तो टाळून चालणार नाही. फ्रेंचांनी १९१२ मध्ये मोरोक्कोवर संरक्षित राज्य लादल्यावर तिथल्या कलाकुसरीची नोंद घेणारं खातं उभं केलं. त्यात प्रॉस्पर रिकार या अधिकाऱ्याने गालिच्यांच्या नमुन्यांचा चार खंडांचा संग्रह १९२३ ते १९३४ या काळात प्रसिद्ध केला. प्रदेशवार नमुने, चौकोनी कागदावर उतरवलेली नक्षी. १९१९ पासून अस्सल ठरलेल्या गालिच्यांवर सरकारी शिक्का लावायला सुरुवात झाली. या कामामुळे बरंच काही टिकलं आणि मी स्वतः त्या नमुन्यांची चित्रं तासन्‌तास पाहिली आहेत. पण त्यात एक गोष्ट उलटी झाली. जी नक्षी बाईच्या बोटांत होती ती कागदावर आली, आणि मग कागद तिच्यापुढे ठेवून ‘याप्रमाणे विण’ असं सांगता येऊ लागलं. झेमूरने झेमूरसारखंच विणायचं, रबातने रबातसारखंच. शेजारच्या जमातीतून सून आली की तिच्याबरोबर नक्षीही यायची, दोन्ही घरांचं मिसळून तिसरंच काही व्हायचं, ती वाट त्या शिक्क्याने अरुंद केली.

ट्युनिशियाचं कैरुआन हे गाठींच्या गालिच्याचं शहर. तिथली आख्यायिका अशी, की १८३० च्या सुमारास कामला नावाच्या एका सरदारकन्येने तिथला पहिला गाठींचा गालिचा विणला आणि सीदी साहिबच्या दर्ग्याला वाहिला. तिथे आज दर्जा गाठींच्या संख्येत मोजतात. नेहमीच्या चांगल्या गालिच्यात चौरस मीटरला ४०,००० गाठी, म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये उभ्या वीस आणि आडव्या वीस. त्याहून बारीक काम ९०,००० आणि १,६०,००० गाठींपर्यंत जातं. त्यातला ‘अलूशा’ मला फार आवडतो, कारण त्यात रंग नसतोच. पांढरी, करडी, तपकिरी, काळी, जशी मेंढी तशी लोकर. पण गाठींचा आकडा जितका वाढतो तितका आराखडा आधी कागदावर लागतो, हे तिथे स्पष्ट दिसतं.

बेनी ऊरैन पांघरुणांची कथा अगदी वेगळी. मध्य ॲटलासच्या ईशान्येला या नावाच्या जमातींचा गट आहे. तिथला हिवाळा बर्फाचा. त्यांनी विणलेली पांघरुणं लांब केसाळ, पांढऱ्या लोकरीची, त्यावर काळ्या-तपकिरी मेंढीच्या लोकरीच्या मोजक्या तिरप्या रेघा. गाठींच्या दोन ओळींमध्ये साध्या बाण्याच्या बऱ्याच ओळी सोडायच्या म्हणजे केस लांब पडतात आणि कापड अंगाभोवती वळतं. केसाळ बाजू अंगाकडे घेऊन झोपायची ही गोष्ट. विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकारांना ती भलतीच भावली. चंडीगडमुळे आपल्या ओळखीचा झालेला ल कोर्बुझिए त्यातलाच. काचेच्या, काँक्रीटच्या घरांत पांढऱ्यावर काळ्या चार रेघा शोभून दिसतात, यात शंका नाही. पण आता जगभरच्या बैठकीच्या खोल्यांसाठी त्या रेघा आणखी कमी, आणखी सरळ करून मागितल्या जातात. मेंढपाळाचं पांघरूण उलटं होऊन कोचाखाली गेलं आणि त्याची केसाळ बाजू वर आली.

लोकर महाग झाली, भटके कळप कमी झाले, तेव्हा याच बायकांनी आणखी एक गोष्ट केली. जुने कपडे, स्वेटरचं सूत, प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे, जे हाती येईल त्याच्या पट्ट्या फाडून त्या ताण्यावर बांधल्या. त्याला बूशरवीत म्हणतात. साधारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांचं प्रमाण वाढलं. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली ती याच गरजेतून आणि याच हौसेतून. बूशरवीतमध्ये मोजणी मोकळी होते. चिंध्या जाडजूड आणि असमान, त्यांना धाग्याचा हिशेब लागूच पडत नाही. आणि तिथे त्या बायकांनी रंगांची जी मुक्त उधळण केली आहे ती पाहून मला वाटतं, मोजणीत इतकी वर्षं मुरलेल्या हातांनाच ती सोडून देणं इतकं छान जमू शकतं.

इजिप्तमध्ये गीझाजवळ हर्रानिया नावाचं खेडं आहे. रमसेस विस्सा वासेफ या वास्तुकाराने १९५१ च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या मुलांना माग दिले. नियम अगदी थोडे. आधी चित्र काढायचं नाही, दुसऱ्याचं बघून करायचं नाही, आणि मोठ्यांनी टीका करायची नाही. लोकर घरच्या बागेतल्या वनस्पतींनी रंगवायची. मुलं थेट मागावर विणायला लागली: ताडाची झाडं, बदकं, कालवे, बाजार, लग्नाची वरात. ही नक्षी नव्हे, सरळ चित्रंच, आणि परंपरेने आलेली मोजणीही त्यांच्यामागे नव्हती. तरीही कागद मध्ये न आणता, खालून वर, ओळीवर ओळ चढवत, झाड मुळापासून उगवतं तसं झाड विणायचं. त्या मुलांतली काही पुढे म्हातारपणापर्यंत तिथेच विणत राहिली. या जागेच्या इमारतीला १९८३ मध्ये आगा खान वास्तुरचना पुरस्कार मिळाला. वासेफ तोवर हयात नव्हता. मुलांचा हात आणि मन यांच्यात आराखडा आणू नका, हा त्याचा आग्रह मला बखनूग विणणाऱ्या बायकांच्या जवळचा वाटतो.

आता पैशांबद्दल. मागापुढे बाई आणि बाजारात पुरुष, ही विभागणी जवळजवळ सगळीकडे आहे. पहाटेच्या बाजारात बाई खांद्यावर सतरंजी टाकून येते, मधला माणूस भाव करतो, आणि मराकेशच्या दुकानात पोचेपर्यंत किंमत कैक पटींनी चढलेली असते. परदेशातल्या संकेतस्थळावर तर विचारूच नका. या सगळ्या साखळीत विणणारीला मिळतं ते विणण्याच्या दिवसांचं, तेही तुटपुंजं. धुण्याचे, निवडण्याचे, विंचरण्याचे, कातण्याचे दिवस कुणी धरतच नाही, कारण ते ‘घरकामात’ गेले. याचा परिणाम व्हायचा तोच होतो. घरी कातणं परवडत नाही, गिरणीचं सूत बाजारातून येतं, आणि एकदा धागा एकसारखा झाला की कापडाला तो खोल, हलता पोत राहत नाही. नक्षी तीच असूनही ते सपाट दिसतं. संग्रहालयांत या कापडांखाली प्रदेश, जमात आणि अंदाजे काळ लिहिलेला असतो. बाईचं नाव क्वचित असतं. हा अन्याय मला खुपतो आणि त्यावर कला-इतिहासाच्या नावाखाली पांघरूण घालू नये असं वाटतं.

काही ठिकाणी बदल दिसतो. मोरोक्कोत बायकांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत, काही जणी फोनवरून थेट गिऱ्हाइकाशी बोलतात, स्वतःच्या कामाचे फोटो स्वतः काढतात. लल्लाच्या सुनेकडेही अशी एक ऑर्डर होती. गिऱ्हाइकाने कुठल्याशा जुन्या पांघरुणाचा फोटो पाठवला होता, काठ कापलेला, धड सरळही नाही. मी तिला विचारलं, हा फोटो समोर ठेवून विणणार का? ती म्हणाली, फोटोत सुलटी बाजू आहे, मी बसणार उलट्या बाजूला, त्याचा मला काय उपयोग? तिने सासूला फोटो दाखवला, दोघींनी मिळून ताण्याचे धागे ठरवले, वाद घातला, पुन्हा ठरवले. काठ फोटोत नव्हता तो सासूने तिच्या आईच्या हातचा सांगितला. किमतीचं मात्र सुनेने कुणाला विचारलं नाही. ती तिने आधीच कळवली होती, आणि त्यात लोकर विंचरायचे आणि कातायचे दिवस वेगळे धरले होते.